अर्ज कुणी करायचा?

महिना ३०० रुपये. रोज घरून ये-जा करून बी.ए. किंवा बी.कॉम. करणाऱ्या आदिवासी विद्यार्थ्याचा निर्वाहभत्ता केंद्र सरकारने २०१० साली ठरवला, तो एवढा. वसतिगृहात राहणाऱ्याला ५७०. शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क शिष्यवृत्तीतून वेगळं मिळतं, हे कबूल. पण शहापूर तालुक्यातल्या डोळखांबकडच्या पाड्यावरून आधी जीप, मग आसनगावहून लोकल आणि कल्याणला उतरल्यावर पुन्हा पायपीट, असं करणाऱ्या मुलाच्या हातात पडायचे ते हे ३००. मुरबाडच्या मुलाला लोकलही नाही. टोकावड्याकडून येणाऱ्याचा सगळा भरवसा एसटीवर. मुलीला बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत असतो, पदवीच्या पहिल्या वर्षाला ती सोय संपते. खर्च वाढतो नेमक्या त्याच वर्षी सरकार हात आखडतं.

या ३०० रुपयांसाठी काय काय जमवावं लागतं ते एकदा पाहू. जातीचा दाखला. तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला, अडीच लाखांच्या आतला, आणि मुदत संपली की नवा. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, शिधापत्रिका. मध्ये एखादं वर्ष घरी बसावं लागलं असेल तर त्या खंडाचं प्रतिज्ञापत्र. आधार, आधारला जोडलेला मोबाइल, आधारला जोडलेलं बँकखातं. हे सगळं हाती आलं की महाडीबीटी पोर्टलवर नोंदणी, ओटीपी, स्कॅन केलेले कागद ठरलेल्या आकारात बसवणं. मग अर्ज कॉलेजच्या कारकुनाकडे, प्राचार्यांकडे, तिथून शहापूरच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे. लोक याला नुसतं ‘प्रकल्प’ म्हणतात. यातल्या कुठल्याही टेबलावरून अर्ज परत येऊ शकतो. परत आला हे कळायला पोर्टल उघडून पाहावं लागतं, आणि पोर्टल उघडायला बहुधा सेतू केंद्र गाठावं लागतं. सेतूवाला फुकट काम करत नाही. त्याने का करावं?

शिष्यवृत्तीचा अर्ज करणं हे विद्यार्थ्याचं काम आहे, ही समजूतच आता मोडली पाहिजे. संसदेने आणि विधिमंडळाने मंजूर केलेला पैसा ज्याचा त्याला पोचवणं हे देणाऱ्याचं काम. कॉलेज, प्रकल्प कार्यालय, ग्रामपंचायत आणि गावातले शिकलेले लोक या सगळ्यांनी मिळून ते अठरा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर टाकलं आहे. त्याला ते पेललं नाही की आपण म्हणतो, ‘त्याने फॉर्मच भरला नाही.’ वाक्य साधं आहे. त्यात कर्ता मात्र सोयीने निवडलेला असतो.

स्टाफरूममध्ये आणि कल्याणच्या लोकलमध्ये ऐकू येणारं दुसरं वाक्य ‘यांना सगळं फुकट’. तानसा तलावाचं पाणी १८९२ पासून मुंबई पिते आहे. भातसा धरणही शहापूर तालुक्यातलंच. याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात. त्या पाण्याबद्दल मुंबईकराला कुणी फुकटा म्हटल्याचं ऐकिवात नाही. अनुदानित कॉलेजात शिकणाऱ्या कुठल्याही जातीच्या मुलामागे सरकार प्राध्यापकाच्या पगारापोटी जो पैसा घालतं, तोही कुणी फुकटात मोजत नाही. ‘फुकट’ या हिशेबाला आदिवासी, दलित, भटका विद्यार्थी समोर आल्यावरच सुरुवात होते. आणि वाईट म्हणजे मुलंही हे ऐकत ऐकत मोठी होतात. मग कारकुनाने तिसऱ्यांदा परत पाठवलं तरी ‘का?’ असं विचारण्याचं बळ अंगात राहत नाही. उपकार मागायला आलेला माणूस कारण विचारत नाही.

जोतीराव फुल्यांनी १८८२ च्या ऑक्टोबरात हंटर शिक्षण आयोगापुढे जे निवेदन ठेवलं, त्यात शिष्यवृत्त्यांबद्दल एक परखड मुद्दा आहे. शिष्यवृत्त्या स्पर्धेने द्यायच्या हे तत्त्व म्हणून न्यायाचं दिसतं, पण त्याने बाकीच्या वर्गांत शिक्षण पसरत नाही. म्हणून ज्यांच्यात शिक्षणाची वाटचाल झालेलीच नाही त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या ठेवाव्यात, अशी त्यांची मागणी होती. ती मान्य व्हायला साठेक वर्षं लागली. डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, १९४४ साली, अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आदिवासी विद्यार्थीही तिच्या कक्षेत आले. गुणांची स्पर्धा मागे पडली.

तिची जागा कागदांच्या स्पर्धेने घेतली. आणि या स्पर्धेतही जिंकतो तो ज्याच्या घरी शिक्षण आधी पोचलं तोच. घरात कुणी आश्रमशाळेत शिपाई आहे, गाव हमरस्त्याला लागून आहे, तलाठ्याशी बोलण्याची वडिलांना सवय आहे, अशा मुलाचा अर्ज पहिल्या फेरीत जातो. साकडबावच्या पलीकडच्या वाडीतल्या कातकरी मुलीचा जात नाही. योजना तिच्यासाठीच लिहिलेली असते आणि योजनेच्या दारातली परीक्षा दुसऱ्या कुणाला तरी सोपी जाते. फुल्यांचा आक्षेप एकशेचाळीस वर्षांनंतर इथे शब्दशः लागू पडतो. त्यांच्या जयंतीला ११ एप्रिलला हार घालणाऱ्यांनी ते निवेदन एकदा वाचावं. फार मोठं नाही.

कागदांतला सर्वांत जड कागद म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र, सगळ्यांच्या तोंडी ‘व्हॅलिडिटी’. साध्या बी.ए.ला जातीच्या दाखल्यावर काम भागतं. अभियांत्रिकी, फार्मसी अशा व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेवर जायचं तर पडताळणी समितीपुढे उभं राहावं लागतं. ही समिती विनाकारण आलेली नाही. खोटे दाखले काढून आदिवासींच्या जागा पळवणारे होते आणि आहेत. १९९४ चा सर्वोच्च न्यायालयाचा माधुरी पाटील निकाल महादेव कोळी असल्याच्या दाव्यावरूनच आला, त्यात पडताळणीची पद्धत घालून दिली गेली, आणि पुढे महाराष्ट्राने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. कडक पडताळणीची मागणी खऱ्या आदिवासींच्या संघटनांनीच लावून धरली होती. तेव्हा ‘व्हॅलिडिटी काढून टाका’ असं म्हणणं सोपं असलं तरी शहाणपणाचं नाही.

पण पुरावा कसला मागितला जातो? अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीपासूनचा. पणजोबांचा शाळेचा दाखला, महसुली नोंद, जन्ममृत्यूच्या नोंदवहीतला उतारा. शहापूर-मुरबाडच्या जंगलपट्टीत १९५० च्या आधी शाळा किती होत्या आणि त्यांत ठाकूर-कातकऱ्यांची किती पोरं बसत होती? कातकऱ्याच्या नावावर जमीन नसायची, म्हणून सातबारा नाही. शाळेत गेला नाही, म्हणून दाखला नाही. शिक्षण पोचलं नाही म्हणून ज्याला मदत द्यायची, त्याच्याकडेच शिक्षण पोचल्याचा पुरावा मागितला जातो. त्यात नोंदींची गंमत वेगळीच. एका भावाच्या दाखल्यावर ‘काथोडी’, दुसऱ्याच्या दाखल्यावर ‘कातकरी’, आणि ठाकरांच्या घरात कुणी ‘ठाकर’ तर कुणी ‘हिंदू ठाकूर’. राज्यघटनेखालच्या यादीत यातली बहुतेक रूपं एकत्रच दिलेली आहेत. तरी गुरुजींनी पन्नास वर्षांपूर्वी घाईत लिहिलेल्या एका अक्षरावर नातवाला खुलासे द्यावे लागतात.

कागद नसला की मग तुमचे देव कोणते, लग्नं कशी लागतात, बोली कुठली, असे प्रश्न येतात. त्याला आप्तभाव चाचणी म्हणतात. वसतिगृहात वाढलेलं आणि मराठी माध्यमात शिकलेलं पोर या प्रश्नांत अडखळलं तर नवल नाही. २४ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या चाचणीवर निकाल दिला, आणि तो खटला ठाकूर जमातीच्या संघटनेनेच नेलेला होता. ही चाचणी म्हणजे अखेरची कसोटी नव्हे आणि प्रत्येक प्रकरणात ती आवश्यकही नाही, असं त्यात स्पष्ट झालं. हा निकाल शहापूर आणि मुरबाड या आपल्या दोन्ही तालुक्यांतल्या प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाच्या फलकावर साध्या मराठीत लागायला हवा होता. अकरावीत असतानाच अर्ज टाकला तर बारावीनंतरची धावपळ वाचते, हेही त्याच फलकावर. घरात काकाला किंवा सख्ख्या चुलतभावाला व्हॅलिडिटी मिळालेली असेल तर ती आपल्या अर्जाला जोडावी, एवढी साधी गोष्ट अनेकांना कुणी सांगितलेलीच नसते.

आता पैशाचा प्रवास पाहा. मूल अर्जात एक खातं लिहितं आणि पैसे दुसऱ्याच खात्यात जातात. कारण थेट लाभाची रक्कम लिहिलेल्या खातेक्रमांकावर जात नाही. आधार शेवटचं ज्या बँकेत जोडलं गेलं तिथे जाते. मोबाइलचं सिम घेताना दुकानदाराने अंगठा घेऊन उघडलेलं पेमेंट बँकेचं खातं असेल, कुठल्याशा योजनेसाठी कधीकाळी उघडलेलं आणि आता बंद पडलेलं खातं असेल. पैसे तिथे पडून राहतात किंवा परत फिरतात आणि मूल समजतं, स्कॉलरशिप आली नाही. बँकेत जाऊन आधारजोडणी कुठे आहे ते पाहायला पाच मिनिटं लागतात. पण त्या पाच मिनिटांसाठी कुणाला काय विचारायचं, हे ठाऊक असावं लागतं.

ओटीपीचंही तसंच. मोबाइल बापाचा, बाप भिवंडीकडे वीटभट्टीवर, आणि रिचार्ज संपलेला. दिवाळी झाली की कातकऱ्यांची घरंच्या घरं उचल घेऊन भट्ट्यांवर निघतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. शिष्यवृत्तीच्या अर्जांचा हंगाम, परत आलेल्या अर्जांची दुरुस्ती, मुदतवाढ, सगळं याच काळात चालतं. वेळापत्रक आखणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जो विद्यार्थी असतो त्याचे आईवडील वर्षभर घरी असतात.

इतकं कडेकोट का केलं, याचंही उत्तर आहे. विदर्भात काही संस्थांनी कागदावरचे विद्यार्थी उभे करून शिष्यवृत्तीचे पैसे उचलले, प्रकरण गाजलं, २०१६ मध्ये विशेष तपास पथक नेमावं लागलं. चोरी झाली ती संस्थांच्या कार्यालयांत. त्यानंतर पहारा बसला तो विद्यार्थ्याच्या अंगठ्यावर. त्याचं आधार, त्याची हजेरी, त्याचं खातं, सगळं तपासायचं. त्याचा अर्ज कारकुनाच्या लॉगिनमध्ये किती दिवस पडून होता हे मात्र कुणी कुणाला विचारत नाही. त्याची नोंद पोर्टलवर असतेच, अगदी तारखेनिशी. ती पाहायची इच्छा हवी.

शिष्यवृत्ती मिळवण्यापेक्षा ती टिकवणं कठीण, हे ज्याने तीन वर्षं काढली त्याला विचारावं. दर वर्षी नूतनीकरणाचा अर्ज वेगळा. त्याला मागच्या वर्षाची गुणपत्रिका लागते. २०१७ च्या उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकावर तपासायला घेतल्या आणि निकाल महिनोन् महिने लांबले. तेव्हा वर्तमानपत्रांत परदेशी प्रवेश हुकलेल्या मुलांच्या बातम्या आल्या, त्या यायलाच हव्या होत्या. निकालाच्या कागदावर ज्यांची पुढच्या वर्षाची फी अवलंबून होती, त्यांच्याविषयी फारसं कुणी लिहिलं नाही. केटी लागून वर्ग पुढे सरकला नाही तर शिष्यवृत्तीही अडते. एफ.वाय.बी.एस्सी.ला प्रवेश घेऊन गणिताने घाबरवलं म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा एफ.वाय.बी.ए.ला बसलेल्या मुलाला, त्याच टप्प्यावर दुसऱ्यांदा आल्याबद्दल, कुणी उभं करत नाही. बारावीच्या निकालानंतर त्याच्याशी पंधरा मिनिटं बोलायला कुणी असतं तर तो तिकडे गेलाच नसता. एकोणिसाव्या वर्षी लग्न झालेल्या आणि तरी शिकत राहिलेल्या मुलीचं तर सगळंच अडतं: गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, नव्या आधारवर सासरचं, पासबुकावर तिसरंच काहीतरी. शिकण्याची हिंमत तिने दाखवली आणि पोर्टलच्या लेखी ती दोन वेगळ्या बाया झाली.

शिष्यवृत्ती मध्येच सुटली म्हणजे मुलात काही कमी होतं असं मानणाऱ्यांनी १९१७ साल आठवावं. सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या महिना साडेअकरा पौंडांवर भीमराव आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, तिथून लंडनला. शिष्यवृत्तीची मुदत संपली, बडोदा संस्थानाने परत बोलावलं, आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला अभ्यास अर्धा टाकून त्यांना यावं लागलं. पुढे सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेलं कर्ज, एवढं गोळा करून ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. मधली तीन वर्षं गेली ती गेलीच. आंबेडकरांच्या बुद्धीच्या माणसालाही पैशाचा हप्ता थांबला की थांबावं लागलं. पण त्यांच्यामागे एक राजा होता, दुसरा राजा होता आणि उसने पैसे देणारा मित्र होता. मुरबाडच्या पोराचा हप्ता थांबला तर तो कंपनीत ठेकेदाराकडे लागतो आणि परत येत नाही.

शाहू महाराजांचं नाव निघालंच आहे तर आणखी एक. कोल्हापुरात १९०१ पासून त्यांनी वसतिगृहं उभी केली, एकेका समाजासाठी. त्यांनी मुलाला आधी निजायला जागा आणि ताटात भाकरी दिली. आज शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी मुलांसाठी २०१६-१७ पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आहे; मुंबई-ठाणे-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मिळतात. योजना चांगली आहे, मी तिची टिंगल करणार नाही. पण खोलीचा मालक डिपॉझिट जूनमध्ये मागतो, आणि हप्ता मागाहून येतो. मधल्या महिन्यांत मुलाने कुठे राहायचं? जेवणाचंही तेच झालं. वसतिगृहांतल्या खानावळी बंद करून जेवणाचे पैसे खात्यात टाकायचं २०१८ मध्ये ठरलं, तेव्हा आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे चालत निघाले होते. पैशाऐवजी ताट मागणाऱ्या त्या मुलांना ‘आधुनिक व्यवहार कळत नाही’ म्हणणारे होते. खात्यातला पैसा उशिरा येतो आणि भूक वेळेवर लागते, हा व्यवहार त्या मुलांना चांगला कळत होता.

आपल्या घरचंही बोललं पाहिजे, नाहीतर हे लिखाण एकतर्फी होईल. आलेली रक्कम घरच्या कर्जात, लग्नात किंवा नव्या मोबाइलमध्ये जाते, हे खोटं नाही. कर्जात गेली तर मी बापाला दोष देणार नाही. त्याच कर्जावर पोरगं बारावीपर्यंत आलेलं असतं. मोबाइलचं मात्र तसं नाही. नुसता प्रवेश घ्यायचा, वर्गात फिरकायचं नाही, आणि पैसे आले की हजर व्हायचं, अशी मुलं आहेत. त्यांना पटावर ठेवून घेणारी कॉलेजंही आहेत, कारण पट टिकला की तुकडी टिकते. अनुसूचित जातींसाठीच्या स्वाधार योजनेत ७५ टक्के हजेरीची अट आहे. ही अट मला योग्य वाटते. ती मुलाला लावताना प्राध्यापक वर्गावर येतात का हेही त्याच वहीत लिहिलं जावं, एवढंच.

आणि शिकून नोकरीला लागलेले आपण? शहापूर-मुरबाडमधून गेल्या तीस-चाळीस वर्षांत शिक्षक, ग्रामसेवक, पोलीस, वनरक्षक, परिचारिका झालेली माणसं थोडी नाहीत, आणि त्यांतली कित्येक याच शिष्यवृत्तीवर शिकली. ९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिनाच्या मिरवणुका निघतात, तारपा वाजतो, टी-शर्ट छापले जातात, पुढाऱ्यांचे फलक लागतात. आनंद साजरा करू नये असं कोण म्हणेल? पण हाच ऑगस्ट कॉलेजच्या पहिल्या वर्षाला बसलेल्या पोरांच्या धावपळीचा असतो. मिरवणुकीला वर्गणी देणाऱ्यांपैकी निम्म्यांनी एकेका पोराच्या परत आलेल्या अर्जाची जबाबदारी घेतली तर प्रकल्प कार्यालयाला पळता भुई थोडी होईल. हे काम दिसत नाही, त्याचा फोटो निघत नाही, म्हणून त्याला माणूस मिळत नाही.

काय करता येईल हे फार दूरचं नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास काम करायचं असतं. हे तास दर वर्षी त्याच त्या झाडू-फेरीत आणि घोषणांच्या प्रभातफेरीत घालवण्यापेक्षा, शिवळ्याच्या किंवा शहापूरच्या कॉलेजातल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी पहिल्या वर्षाच्या मुलांचे अर्ज भरून द्यावेत; आधारजोडणी तपासायला त्यांच्यासोबत बँकेत जावं. यासाठी नवा शासननिर्णय लागत नाही, कार्यक्रम अधिकाऱ्याने मनावर घेतलं की पुरे. शिष्यवृत्तीस पात्र मुलाकडून प्रवेशाच्या वेळी फी मागू नये, असे आदेश सरकारने अनेकदा काढले आहेत. ‘आधी भरा, स्कॉलरशिप आली की घेऊन जा’ म्हणणाऱ्या खिडकीवर तो आदेश चिकटवायला प्राचार्यांची परवानगी मागावी. नाही दिली तर ती का नाही दिली ते लेखी मागावं. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला लोकसेवा हक्काच्या २०१५ च्या कायद्याखाली येतो. मुदत ठरलेली आहे, मुदतीत न मिळाल्यास अपील आहे. अर्जाची पोच घेतल्याशिवाय मात्र अपीलही नाही, म्हणून खिडकीवरून पोच न घेता हलू नये. आश्रमशाळेने दहावीच्या वर्गातच मुलांचे कागद तपासावेत, नावांतले फरक तिथेच दुरुस्त करावेत, आणि कातकरी कुटुंबं भट्टीवर जायच्या आत, दिवाळीपूर्वी, दाखल्यांचं शिबिर वाडीवर घ्यावं. तहसीलदारांना वाडीवर येता येतं. निवडणुकीच्या वेळी येतातच.

मोठं काम ग्रामसभेचं आहे. शहापूर तालुका सगळा आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथल्या ग्रामपंचायतींना पेसा कायद्याखाली पाच टक्के अबंध निधी २०१५ पासून थेट मिळतो, आणि तो कशावर खर्चायचा त्यात शिक्षणही आहे. त्यातून कॉलेजला जाणाऱ्या मुलांचा पासाचा खर्च, पहिला हप्ता येईपर्यंत खोलीच्या डिपॉझिटपुरती उसनी रक्कम, सेतूचा खर्च, हे ग्रामसभेने ठरवायचं. गटारं आणि पेव्हर ब्लॉक यांच्यापुढे हा विषय कधी येत नाही, कारण विषयपत्रिकेवर तो कुणी लिहीत नाही.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत तो लिहावा. गावातली कोणकोण मुलं-मुली कॉलेजात आहेत, कुणाचा अर्ज कुठल्या टेबलावर किती दिवस आहे, कुणाचा परत आला आणि कुठल्या कारणाने, ही यादी ग्रामसेवकाने वाचायची, आणि ज्याचा अडला त्याच्यामागे जाणारा एक माणूस त्याच सभेत नेमायचा. २६ जानेवारीच्या सभेत त्या माणसाने काय झालं ते सांगायचं. नावं अशी चारचौघांत वाचली तर पोरांना लाज वाटेल, अशी हरकत येईल. घरकुलाची यादी याच सभेत वाचली जाते, आणि तिथे नाव आल्याबद्दल कुणी खाली मान घातलेली नाही. नाव का नाही म्हणून माणसं टेबलं बडवतात.